डबल घंटीवाले तायडे

आमच्या विहारामागून रोज सकाळी सात वाजता एसटी सुटते. गाडी नाही, डिझेल नाही. आहेत ते सहा कुत्रे आणि एक कंडक्टर.

तायडे कंडक्टर रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण खाकी शर्ट अंगावरून उतरला नाही. खांद्याला तीच चामड्याची बॅग. तिच्यात आधी तिकिटं असायची, आता पोळ्या असतात. हातातला तिकिटाचा पंच ते विहाराच्या खिडकीच्या गजावर एकदा वाजवतात. टण. कुत्रे ओळीनं बसतात. पोळ्या वाटून झाल्या की डबल घंटी. टण टण. मग खायचं. त्याआधी कोणी तोंड घातलं तर, "मूर्तिजापूर, खाली उतरवून देईन तुले."

नावं अशीच. जन्म अमरावती-अकोला रस्त्यावर गेला, म्हणून बडनेरा, लोणी, कुरूम, मूर्तिजापूर, बोरगाव. एक लंगडी कुत्री कधी येते, कधी येत नाही. तिचं नाव विनंती थांबा. अंगणवाडीतल्या वंदनाबाई कुत्र्यांच्या जखमांना मलम लावायला येतात, त्यांनाही सुटका नाही. "बाई, दारात उभ्या राहू नका. मागं जागा आहे."

एकदा मी विचारलं, "कंडक्टर, अकोला नावाचा कुत्रा काहून नाई?"

"अकोल्याले सगळे उतरतेत," ते म्हणाले, आणि पंच वाजवायला वळले.

वेळेचा माणूस. मिनिटभर कोणासाठी थांबायचं नाही. सासरा थैली घेऊन स्टँडवर पळत येताना दिसला तरी यांनी डबल घंटी दिली होती. त्यावरून बायको माहेरी अकोल्याला गेली, ती तिकडचीच झाली. विहार कमिटीचे अध्यक्ष एकदा सात वाजता बोलत उभे राहिले तर हे म्हणाले, "साहेब, गाडीचा टाइम झाला. बोलाचं असन तर मागच्या शिटावर बसा."

मला हा माणूस आवडत नसे, खरं सांगतो. कुत्रेही आवडत नसत. ती माया माझ्या बायकोची, शांताची. ती विहारात जायची, मी पानठेल्यावर. पंचेचाळीस वर्षांचा संसार, पण संध्याकाळी पाच ते सहा ती काय करते हे मी कधी विचारलं नाही.

ती गेली. दहाव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदन ठेवलं. कार्यक्रम सकाळचा होता, पण अकोल्याचे पाहुणे उशिरा आले, म्हणून संध्याकाळ झाली. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. सगळे हात जोडून म्हणाले, साधु, साधु, साधु.

तिसऱ्या साधुवर सहाही कुत्रे दारातून आत आले. भुंकले नाहीत, काही हिसकावलं नाही. शांताच्या फोटोसमोर, पाहुण्यांच्या मधी, ओळीनं बसले. विनंती थांबासुद्धा. अकोल्याची मावससाळी बुंदीच्या ताटासकट खुर्चीवर चढली. बुंदी सगळ्या हॉलभर झाली.

अध्यक्ष लाल झाले. "कोणं शिकवलं यायले हे?"

"मी," तायडे म्हणाले. "चूक माही."

अध्यक्ष मला म्हणाले, "दादा, कार्य तुमचं नासलं. तुमी म्हणत असान तर उद्याच गाडी बोलावून कुत्रे दूर सोडून देतो."

मी तोंडावर हो म्हणणारच होतो. पण म्हणालो, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तायड्यांना चार शब्द सुनवायला गेलो. जिनिंग मिलकडून कापसाची म्हातारी उडत येत होती, उन्हात थांबत होती, पडत नव्हती. हल्ली मला असंच वाटतं, की मी अजून जिनिंगच्या चौकीदारीवर डुलकी घेतोय, आणि शांता उठवायला यायची राहिली आहे.

विहारामागून आवाज आला. फाटका, बेसूर. बुद्धं सरणं गच्छामि. पाहतो तर तायडे. पोथी उलगडलेली, चष्मा नाकावर, समोर ओळीनं कुत्रे. पोळ्या पुढ्यात, पण एकही तोंड घालत नव्हता.

"कंडक्टर, हे कवापासून?"

ते चोरी सापडल्यासारखे उठले. "सकाळी माह्या घंटीवर खातेत. संध्याकाळची पाळी शांतावयनीची होती. त्या बुद्धवंदना म्हणाच्या, तिसऱ्या साधुवरच यायले खाऊ द्याच्या. त्या गेल्यापासून दहा दिवस संध्याकाळचं खाल्लं नाई यायनं. मी घंटी वाजवून वाजवून थकलो." मग खाली पाहत म्हणाले, "काल साधु ऐकलं. यायले वाटलं वयनी आल्या."

"मंग काल माह्या तोंडावर का नाई सांगितलं?"

"मेलेल्या माणसावर तक्रार करतेत का, दादा?"

मी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. म्हणालो, कुत्रे कुठं नेऊ नका. ते माझ्या घरचे पाहुणे होते, आणि सगळ्यांत नीट तेच बसले होते. अध्यक्ष काही बोलत होते, मी ठेवून दिला.

"दादा, पुढचं तुमी म्हणा," तायडे म्हणाले. "माह्या गळ्यावर यायचा भरोसा नाई बसला अजून."

मला वाचता फार येत नाही, पण घरी शांताच्या तोंडून रोज ऐकलेलं आठवत होतं. म्हणत गेलो. बोरगाव कान टवकारून पाहत होता, माझ्याकडे नाही, माझ्या मागं. मीही एकदा वळून पाहिलं.

साधु, म्हणालो. साधु.

तिसरा निघेना. तो म्हटला की शांता तिथून उठून जाईल, असं वाटलं.

कुत्रे बसून होते. कापूस हवेत होता. तायडे हातात पंच घेऊन गजाशी उभे होते, आणि सहा कधीच वाजून गेले होते. सख्ख्या सासऱ्यासाठी न थांबलेला माणूस थांबला होता. मी वर पाहिलं तेव्हा त्यांनी पंच हळूच खिशात टाकला.

"होऊ द्या सावकाश," ते म्हणाले. "गाडी उभी आहे."