बोलणं माझं नव्हतं

सून घरात बसूनच दुभाष्याचं काम करायची. कानाला यंत्र लावायचं, परक्या मुलखातून आलेल्या माणसाचं दुखणं त्याच्या भाषेत ऐकायचं आणि डॉक्टरांना आपल्या भाषेत सांगायचं. नियम दोनच. समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. आणि कोण काय बोललं ते बाहेर कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. नोकरी अजून कच्ची होती. एक चूक झाली की घरी बसा. घरी ती बसलेलीच होती म्हणा, पण ते असो.

सासूबाईंना एवढंच ठाऊक होतं की सून परक्यांशी परकं काहीतरी बोलते. त्या दिवशी त्या घड्या केलेले टॉवेल ठेवायला गेल्या, तर दाराआडून चक्क आपली भाषा ऐकू आली.

"सासूबाई काय बोलतात ते मला कळत नाही, म्हणून मी नुसती हसते. मला माझ्या घरी जायचंय."

टॉवेल खाली पडले. लग्न होऊन आल्यापासून दोन वर्षं ही रोज आपल्याकडे बघून हसते आणि आपण शेजारणीला सांगत सुटतो, सून किती हसतमुख! पोरीवर त्यांचा जीव होता, फक्त तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी मुलाला ऑफिसात फोन लावला. मुलाने घाबरून आपल्या सासूला कळवलं आणि अर्धी रजा टाकली. चार वाजता विहीणबाई लेकीचे कपडे न्यायला रिकामी बॅग घेऊन हजर.

सुनेने परोपरीने सांगितलं, "ते बोलणं माझं नव्हतं. दुसऱ्याचं सांगतानाही मला 'मी'च म्हणावं लागतं."

"मग कुणाचं होतं?" नवऱ्याने विचारलं.

"ते नाही सांगता येणार."

झालं. पोरगी बिचारी पांघरूण घालतेय, असं सगळ्यांचं एकमत झालं. विहीणबाई बॅगेसकट मुक्कामाला राहिल्या.

सकाळी सुनेचं काम सुरू झालं आणि अख्खं घर दाराला कान लावून उभं राहिलं. आतून स्वच्छ ऐकू आलं, "माझे यजमान वारले त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून माझे गुडघे धरलेत."

यजमान तोंडात ब्रश घेऊन शेजारीच उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही एकदा स्वतःकडे पाहून घेतलं. विहीणबाईंनी मुकाट्याने बॅग उचलली.

दुपारी सासूबाई चहा घेऊन सुनेच्या खोलीत आल्या. "कालचं तुझं नव्हतं, पटलं मला. पण त्यातलं थोडंतरी तुझं होतं का गं?"

सून हसली.

"नुसती हसू नकोस. बोल."

सुनेने कप हळूच पुढे सरकवला. "मला चहात एवढी साखर नाही आवडत, आई."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

सासूबाईंनी कप उचलला, स्वयंपाकघरात जाऊन दुसरा चहा टाकला आणि पहिला उभ्याउभ्याच पिऊन बघितला. गोडमिट्ट होता मेला.