केसरबाईच्या बाळंतपणाप्रीत्यर्थ दोन विहिणींचें नारळयुद्ध

श्रीसमुद्रदेवता समर्थ. शके अठराशें एकोणऐंशी, हेमलंबीनाम संवत्सर, श्रावण शुद्ध पौर्णिमा, मंदवार, ते दिवशीं कसबे बोरदांडें, प्रांत कुलाबा, येथें पडक्या कोटाच्या दरवाजाखालीं दोन विहिणींमध्यें जें घोर नारळयुद्ध जाहलें त्याची हकीकत साद्यंत लिहून ठेविली आहे, ती अशासाठीं कीं पुढें कोणीं पदरचें घालून सांगूं नये, आणि ज्यांनीं त्या दिवशीं फुकटचें खोबरें खाल्लें त्यांनीं तर मुळींच सांगूं नये.

कसबा म्हणावा तर प्राचीन. फिरंगी आला, त्यानें कोट बांधिला आणि गेला. मग हबशी आला, त्यानें तोफ ठेविली आणि गेला. मग इंग्रज आला, त्यानें तोफेवर नंबर घातला आणि तोही गेला. आणि मग स्वराज्य होऊन एष्टी सुरू जाहली, ती येते आणि चढणीवर बंद पडते. तोफेवर उन्हाळ्यांत बोंबील वाळतात. ऐशा या इतिहासप्रसिद्ध स्थळीं बंदर पाखाडीच्या सरदार, मासळीबाजाराच्या खाशा मानकरी, अखंडवाचाळ नीराबाई राज्य करीत होत्या. त्यांची एकुलती कन्या केसरबाई ही कोट पाखाडीच्या सखुबाईंचे चिरंजीव अनंता यांस दिली होती. दोन पाखाड्यांमध्यें अंतर म्हणाल तर एका ओहोळाचें. या काठीं फोडणी पडली तर त्या काठीं ठसका लागे.

तों केसरबाईस दिवस गेले. पहिलें बाळंतपण माहेरीं, हा दस्तूर तमाम किनाऱ्यास ठाऊक. सबब सातव्या महिन्यांत नीराबाईंनीं लेकीस धाडावें म्हणोन निरोप पाठविला. सखुबाईंचा जबाब आला कीं माहेर चार पावलांवर आहे, सून कोठें जावयाची नाहीं, घरचें पहिलें नातवंड घरींच जन्मास येईल. आठव्यांत पुन्हा निरोप गेला, पुन्हा तोच जबाब आला. वकिली अनंताकडे होती. ते दोन्ही दरबारीं जेवीत, दोन्ही दरबारीं मान डोलावीत आणि होडीखालीं जाऊन निजत. त्यामुळें मसलत तसूभर पुढें सरकेना. नीराबाईंस अन्न गोड लागेना. लेकीच्या पहिल्या वेणेस आपला हात तिच्या हातीं नसावा, हा विचार त्यांस सहन होईना, आणि सहन होईना म्हणोन त्या बाजारांत गिऱ्हाइकांवर ओरडत; गिऱ्हाइकांस कारण कळेना.

अखेर नवव्या महिन्याच्या तोंडावर, भर बाजारांत, नीराबाईंनीं सुरमईवरचा कोयता उचलून हुकूम फर्मावला कीं, पुनवेस नारळ लढवूं. माझ्या नारळानें तुझा फोडला तर केसर त्याच सांजेस माझ्या घरीं येईल, आणि माझा फुटला तर पुन्हा नांव काढणार नाहीं. सखुबाईंनीं पदर खोचला आणि शर्त कबूल केली. कोळीवाड्याचे पाटील गुणाजी यांस मध्यस्थ नेमिलें.

हें युद्ध ज्यांस ठाऊक नाहीं त्यांसाठीं लिहिलें पाहिजे. एकानें नारळ मुठींत ऐसा धरावा कीं टोंक तेवढें बाहेर राहावें, आणि दुसऱ्यानें आपल्या नारळाच्या टोंकानें त्यावर प्रहार करावा. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जेत्याचा. सोपें दिसतें. परंतु यांत मोठमोठ्या घराण्यांची अब्रू गेली आहे.

मग नीराबाई दरकूच किहीमास भावाच्या वाडींत गेल्या. तेथें नारळांची रास मांडून एकेक नारळ पुढल्या दातांवर ठोकून नाद ऐकिला. भावजय हंसली, तिजकडे लक्ष दिलें नाहीं. रास संपत आली तेव्हां एक लहानखुरा, जाड कवटीचा, माजोऱ्या चेहऱ्याचा नारळ ऐसा वाजला कीं दातांतून थेट मस्तकांत कळ गेली. त्यास 'रणझुंजार' हा किताब देऊन, एष्टीत खिडकीजवळची जागा त्याची आणि आपण कडेस, ऐशा इतमामानें बोरदांड्यास आणिलें. तिकडे सखुबाईंपाशीं 'दळभंजन' नांवाचा नारळ सिद्ध होता, तो तर मिठाच्या राशींत पुरून ठेविला होता.

पौर्णिमेस सकाळीं लाउडस्पीकर लागला, ताशे वाजले, आणि गुणाजी पाटलांनीं लढाईची आज्ञा दिली. मग दळभंजनानें जो कहर मांडला तो काय वर्णावा! बंदर पाखाडीची तमाम नारळफौज त्यानें दुपारच्या आंत गारद केली. कवट्यांचा खच पडला आणि पाण्याचे पाट वाहिले आणि जो येईल तो ओंजळ लावून पिऊं लागला. एष्टी बंद पडली म्हणोन उतरलेले उतारूही प्याले.

प्याली नाहीं ती एक केसरबाई. पोटुशीनें नारळाचें पाणी घेतल्यास मुलाची छाती भरते, ऐसें सखुबाईंचें मत होतें, आणि त्यांच्या घरीं मत म्हणजे कायदा. कोटाच्या पायरीवर, उकाड्यांत, पदरानें वारा घेत ती बसली होती. नीराबाईंनीं लांबून पाहिलें. लेक सुकलेली दिसली, परंतु गनिमाच्या गोटांत जाणें युद्धधर्मास सोडून, म्हणोन गेल्या नाहींत.

दोन प्रहरीं जेवणाचा तह जाहला. सखुबाई नारळीभातावर चालून गेल्या. जातांना दळभंजन सुपांत ठेवून त्याची किल्लेदारी सुनेकडे सोंपविली. घरच्या माणसाहून भरंवशाचें कोण?

तिसऱ्या प्रहरीं दोघी विहिणी समोरासमोर उभ्या ठाकल्या. प्रहार करण्याचा कौल नीराबाईंस मिळाला. सखुबाईंनीं दळभंजन मुठींत धरिला. नीराबाईंनीं नेम धरिला. रणांगणीं नेम ढळला हें बखरींत लिहूं नये, परंतु ढळला खरा. कारण त्या मुठींत त्यांस नारळ दिसेना, लेकीचें बाळंतपण दिसूं लागलें. पहिला घाव वायां गेला. दुसरा निसटून सखुबाईंच्या बोटास लागला, त्यावर उभय पक्षीं जी भाषा जाहली ती लाउडस्पीकरवरून गांवभर गेली, येथें लिहीत नाहीं. तिसऱ्या घावास खाडकन आवाज होऊन दळभंजन दुभंगला.

आणि आंतून पाणी पडलें नाहीं. थेंबसुद्धां नाहीं.

ताशे थांबले. गुणाजी पाटलांनीं शकलें उचलून न्याहाळलीं, तों नारळाच्या डोळ्यांत होडीच्या फटी बुजवावयाची राळ भरलेली सांपडली. मग एकच गिल्ला उठला, कीं नारळ बनावट आहे, सखुबाईंनीं गांवास फसविलें आहे, मागल्या सालच्या जयाचीही चौकशी करा. कोणा न्यायनिष्ठानें करवंटी भिरकाविली. सखुबाई ऐशा बाई कीं शब्दास शब्द कधीं चुकविला नाहीं. त्याच बाई पाटलांच्या हातांतलीं शकलें घेऊन पुन्हा जुळवून पाहूं लागल्या. फत्ते नीराबाईंच्या हातीं आयती आली होती. मूठ मिटावी एवढेंच उरलें होतें.

तों केसरबाई पायरीवरून उठली आणि पोट सांवरीत मध्यें येऊन उभी राहिली.

"आत्याबायचा काय पन दोष न्हाय," ती म्हणाली. "पानी मी पियाले. सकाळपासून समदा गाव पितंय, न माज्या घशाला कोरड. सगली जेवाया गेली तवा डोळा फोडला, पियाले, न ह्यांच्या होडीतली राळ लावून बुजवला."

सखुबाईंनीं शकलें खालीं ठेविलीं. "मागायचं व्हतंस गो," त्या हळूच म्हणाल्या.

"भ्याले," केसर म्हणाली.

या एका शब्दानें जें काम केलें तें दळभंजनास सकाळपासून साधलें नव्हतें. सखुबाई मटकन वाळूंत बसल्या. आणि नीराबाईंस एकाच वेळीं दोन गोष्टी जाहल्या: लेक विहिणीच्या अब्रूसाठीं गांवापुढें उभी राहिली म्हणोन ऊर भरून आला, आणि ती आतां त्या घरची जाहली म्हणोन त्याच उरांत कळ उठली. पाटलांनीं निवाडा दिला कीं लबाडी कोणाची नाहीं, तहानेची आहे. आणि नारळ फुटला तो फुटला, शर्त नीराबाईंनीं जिंकिली.

"ने गो बाय तिला," सखुबाई म्हणाल्या. "म्हतारीनं पोरीला पान्यावाचून ठेवली, तिनं काय हक्काची बात करायची? पन अनंता गेला दर्यावर का घरात मी न भिंती. पोर रडंल ते मना आयकू तरी येल का?"

नीराबाईंनीं तहाचीं कलमें मनांत पक्कीं घोकून ठेविलीं होतीं. तीं सर्व त्या विसरल्या. "आयकू कशाला येया पायजे?" त्या गरजल्या. "उचल तुजी वाकळ न चल तू पन!"

समुद्रास नारळ वाहून होतांच सांजेस विजयी फौज ओहोळ उतरून परत फिरली. पुढें केसरबाई, मागें वाकळ, पाटा, तांब्या आणि मसाल्याचे डबे घेऊन सखुबाई, आणि सर्वांमागें वकील अनंता, दोन दरबारांचा एक जाहला आतां जेवावें किती वेळां या चिंतेंत. उंबऱ्यावर केसरबाईची नजर आईच्या हातांतील अजिंक्य रणझुंजारावर गेली आणि तिनें आवंढा गिळिला. नीराबाई क्षणभर थबकल्या. ऐसा नारळ जन्मांत पुन्हा वाजणार नव्हता. मग त्यांनीं तो मुकाट्यानें पुढें केला, सखुबाईंनीं कोयता मारिला, आणि दोघींनीं मिळोन करवंटी लेकीच्या तोंडाशीं धरिली. केसरबाई पोटभर प्याली.

येणेंप्रमाणें युद्ध समाप्त जाहलें. फत्ते नीराबाईंची, हें कसब्याच्या साक्षीनें नमूद असे. त्याच सांजेस चुलीचा ताबा गनिमानें घेतला, कालवणांत चिंचेच्या जागीं कोकम पडलें, आणि विजयी सरदार आपल्याच ओटीवर बसून, तें आंबट आहे ऐसें सर्वांस सांगत, दुसऱ्यांदा वाढून घेत्या जाहल्या.