वरूड शाखेचं दुसरं उद्घाटन

"दसऱ्यापर्यंत दुकान रिकामं झालं पाहिजे," गोदावरीबाईंनी नवऱ्याचा डबा काउंटरवर ठेवत बजावलं आणि त्या निघून गेल्या.

बापूसाहेबांनी 'गंधार कॅसेट सेंटर'वरून एकदा नजर फिरवली. एकेकाळी गंधारची चार दुकानं होती: अमरावती, अकोला, वरूड आणि चांदूर रेल्वे. लग्नसराईत लोक गाण्यांच्या याद्या घेऊन रांगा लावत. मग सीडी आली, मोबाइल आला आणि तीन दुकानांची शटरं एकामागून एक खाली आली. उरलं अमरावतीचं. त्यात दोन हजार कॅसेटी होत्या आणि त्यांतल्या पाचशे निळ्या खोक्यातल्या. त्यांत बापूसाहेबांचं स्वतःचं गायन होतं, तेही उत्तम परदेशी फितीवर. तीस वर्षांत त्यातली एकही खपली नव्हती.

तेवढ्यात वरूडचे जानराव आत आले. बापूसाहेबांच्या घरी दरवर्षी गहू यायचा तो त्यांच्याच शेतातला.

"कॅसेटी पायजेत. चाळीस."

बापूसाहेबांच्या हातातलं फडकं गळून पडलं. "कोणत्या देऊ? भजनं? नाट्यगीतं?"

"कोनत्याई द्या. लांब पायजे फकत."

"म्हणजे नव्वद मिनिटांच्या! अहो, तुम्ही तर जाणकार निघालात."

जानरावांना बस गाठायची होती, त्यांनी घाईघाईनं पैसे काउंटरवर ठेवले. बापूसाहेबांनी दोन निळ्या आपणहून वर घातल्या.

आठ दिवसांनी जानराव आणखी तिघांना घेऊन आले. पुढच्या आठवड्यात जीप भरून माणसं आली.

"अगं, शेतकऱ्यांत शास्त्रीय संगीताची लाट आली आहे!" बापूसाहेबांनी घरी जाहीर केलं.

"येऊ द्या की," गोदावरीबाई कणीक तिंबत म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या.

लाट आल्यावर मागे हटतील ते बापूसाहेब कसले? त्यांनी वरूड शाखा पुन्हा उघडायचं ठरवलं. फलक रंगवला, मंडप टाकला, उरलेला सगळा माल टेम्पोतून नेला. उद्घाटनाला अर्धं गाव जमलं. वऱ्हाडातल्या रसिकतेवर पाऊण तास बोलून झाल्यावर बापूसाहेबांनी माइक जानरावांपुढे धरला. "सांगा, कोणतं गाणं मनाला भिडलं?"

"आयकलं कोनं?" जानराव म्हणाले. "वाजवाची मशीनच नाई आमच्यापाशी. फीत काढतो अन् ज्वारीवर तानून बांधतो. वाऱ्यानं घूं घूं करते. पाखरू उतरत नाई वावरात."

मंडप हसला. बापूसाहेबांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "बंद करा दुकान! एकही कॅसेट मिळणार नाही!" म्हणत ते शटर ओढायला धावले. शटर गंजलेलं होतं, ते अर्ध्यावरच अडकलं.

जानराव खाली वाकून आत शिरले. "असं काहून करता, बापूसाहेब? कनसं भरून राहिली. अन् मले तं निळ्या खोक्यावाल्याच पायजेत. दुसऱ्या फितीवर एखांदी चिमनी बसते तरी. निळीच्या वाऱ्यालेबी उभी राहात नाई."

बापूसाहेबांचा शटरवरचा हात सैल झाला. "निळ्या?" त्यांनी हळूच विचारलं. "किती लागतील?"

"हायेत तेवढ्या द्या. आख्ख्या गावाले पायजेत."

बापूसाहेबांनी खिशातून पेन काढलं आणि प्रत्येक निळ्या कॅसेटवर सही करून दिली. बाकीच्या आजूबाजूच्या गावांनी उचलल्या. संध्याकाळी गंधारची वरूड शाखा दुसऱ्यांदा बंद पडली, पण यावेळी माल संपल्यामुळे.

घरी येताच ते ओरडले, "पाचशेच्या पाचशे गेल्या! आपल्यासाठी एक तरी ठेवायला हवी होती गं."

"एक मी कधीच घेतलीय. या वर," गोदावरीबाई म्हणाल्या.

गच्चीवर मुगवड्या वाळत होत्या. त्यांच्यावर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत एक तपकिरी फीत ताणलेली होती.

"तीस वर्षांत एक वडी कावळ्यानं नेली नाही. उन्हाळ्यात जानरावांची लेक जमुना गहू घेऊन आली, तिला हे फार आवडलं. मग म्हटलं, आमच्या दुकानात भरपूर आहेत, वडिलांना घेऊन जायला सांग." गोदावरीबाईंनी एक वडी उलटली. "दसऱ्याला अजून चार दिवस आहेत. दुकान झालं ना रिकामं?"

बापूसाहेब काहीतरी कडक बोलणार होते. इतक्यात वारा सुटला आणि फीत घुमू लागली. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि बोटानं हवेत ताल धरला.

"सूर मात्र अजून पक्का आहे हं," ते म्हणाले.