अप्पांची फेसाची वाटी

आमचे घरमालक शिवअप्पा रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन वास घ्यायचे. आमटीचा नव्हे, गॅसचा. कपाळावर विभूती, हातात साबणाच्या फेसाची वाटी. "हाव का घरात?" विचारायचे आणि उत्तराआधीच आत! नळीला फेस लावून बुडबुडा येतो का बघायचे, मगच जायचे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नव्या कचेरीत माझी बदली झाली होती. खोलीबरोबर गॅस देणारे मालक गावात दुसरे नसतील. त्यात दुष्काळ; टँकर दिवसाआड यायचा.

"अप्पा, प्यायला पाणी नाही अन् तुम्ही नळी धुताय?" माझी बायको सुनंदा एकदा म्हणाली.

"घर माझं हाय, बाई. उद्या काई झालं तर तुमच्या आईबापाला काय तोंड दाखवू?"

मला मात्र हा जाच वाटायचा. एका दुपारी कचेरीतून आलो, तर आमचं कुलूप तोडलेलं. सुनंदा माहेरी गेलेली. मी तावातावानं आत शिरलो.

"बटनाला हात लावू नका!" मागून अप्पा ओरडले. अंगणाच्या टोकाला सिलिंडर उभा होता आणि अप्पा घामानं निथळत होते. नळी उंदरानं कुरतडली होती. खिडकीतून वास आला, तसं त्यांनी दगडानं कुलूप फोडलं होतं.

सकाळी घाईत रेग्युलेटर बंद करायला मीच विसरलो होतो. तसं कबूल केलं.

"चूक माझी. कालच्याला मुरूडला गेलतो, आज उठाय उशीर झाला. नळी बघायची ऱ्हायली," अप्पा म्हणाले.

संध्याकाळी स्वतः नवी नळी आणून त्यांनी बसवली. नळी घेताना एजन्सीत दाखवलेलं गॅसचं कार्ड ओट्यावर ठेवलं होतं. त्यावर नाव होतं पार्वतीबाईंचं, अप्पांच्या बायकोचं.

"चुलीच्या धुरानं लई खोकायची," अप्पा म्हणाले. "नाव नोंदवलं, पण नंबरच लागंना. लागला तवा ती न्हवती."

"मग गॅस तुमच्याकडेच का नाही ठेवलात?"

"मी स्टोव्हवर भागवतो. एकट्याला काय लागतंय?"

मी काडेपेटी उचलली.

"पेटवा की एकदा," ते म्हणाले.

मी काडी ओढली. निळी ज्योत गोल उमलली. अप्पा वाकून बघत राहिले.

"धूर न्हाई बगा," ते हळूच म्हणाले. "जरा बी न्हाई."

मी चहाचं आधण ठेवलं, दोघांचं.