‘पाहून ये’ प्रकरण

“डोळ्यांना दिसतं ते सोडून दे, दिसत नाही ते आधी लिहून घे,” असं मामांना त्यांच्या गुरूंनी बजावलं होतं. हे गुरू चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचे, आणि तक्त्यावरची शेवटची ओळ मामांना काही केल्या वाचता येईना तेव्हा वैतागून तसं म्हणाले होते. मामांनी मात्र त्यातून आयुष्याची दिशा उचलली. छत्र्या दुरुस्तीच्या दुकानावर त्यांनी दुसरी पाटी चढवली: ‘सूक्ष्मदृष्टी, तर्कसम्राट, गुन्हेगारांचा कर्दनकाळ. काड्या बदलून मिळतील.’

शेवटचं वाक्य भाचीने घातलं होतं. काड्या तीच बदलायची, प्रकरणांची वही तीच लिहायची, आणि मामा भलत्याच माणसाच्या मागे निघून गेले की दुकानात आलेल्या खऱ्या माणसाला पाणीही तीच विचारायची.

गुरुवारी सकाळी काकू आल्या. काकू म्हणजे वर्तमानपत्रात सिनेमांवर लिहिणाऱ्या समीक्षकांच्या पत्नी. समीक्षकांनी आजवर कुठल्याही सिनेमाला अर्ध्याच्या वर तारा दिला नव्हता, म्हणून सारं गाव त्यांना ‘अर्धा तारा’ म्हणे. काकूंनी पिशवीतून कात्रण काढून टेबलावर ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “हे कोणाला म्हटलंय, तेवढं शोधून द्या.”

सिनेमा होता ‘पौर्णिमेचा नवरा’. नायक महिन्यातून एकदा लांडगा होतो आणि उरलेले दिवस नायिकेवर प्रेम करतो, अशी एकंदर गोष्ट. समीक्षकांनी लिहिलं होतं की लांडग्याला अभिनय येत नाही, नायिकेला लांडगा कळत नाही आणि शेवट पोरकट आहे. मग शेवटची ओळ: ‘तेव्हा हा चित्रपट पाहून ये.’

काकूंचं दुःख त्या ‘ये’मध्ये होतं. समीक्षक घरीसुद्धा समीक्षेतच बोलत. चहा असावा. मीठ बेताने घालावे. खिडकी उघडी ठेवू नये. एकतीस वर्षांत त्यांनी काकूंना ‘ये’ म्हटलं नव्हतं, ‘जा’ही म्हटलं नव्हतं. आणि आता हे असं, चारचौघांत, छापून. काकूंनी बॅग भरली होती. रविवारपर्यंत उलगडा झाला नाही तर त्या बहिणीकडे जाणार होत्या, आणि परत यायचं त्यांच्या मनात नव्हतं.

त्या गेल्यावर मामांनी भिंग काढलं. ‘ये’ म्हणजे तू, तू म्हणजे एकवचन, एकवचन म्हणजे एकच बाई, अशी त्यांनी साखळी लावली. एकवचन पुरुषालाही चालतं, असं भाचीने सुचवलं. व्याकरणाला भावना नसतात, असं सांगून मामांनी तिला गप्प केलं. मग त्यांनी प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर जोडून पाहिलं आणि ‘लानाकशेतेये’ असं नाव तयार केलं. बाई परदेशी निघाली.

दुपारी मामा समीक्षकांच्या मागावर गेले. समीक्षक न्हाव्याच्या दुकानात शिरले आणि वीस मिनिटांनी केस कमी होऊन बाहेर आले. मामा धापा टाकत परतले. पौर्णिमा कालच झाली, आज अंगावरचे केस उतरवले. समीक्षक स्वतःच लांडगा आहे आणि ‘ये’ ही त्याने मादीला घातलेली हाक आहे, असं त्यांनी वहीत लिहायला लावलं. भाचीने लिहिलं आणि पुढे कंसात ‘कटिंग’ असं टाकलं.

तीनचा खेळ सुटताना दोघं थिएटरच्या दारात उभी राहिली. अर्ध्या ताऱ्याच्या शब्दावर माणसं आजवर घरी बसत. यावेळी लोटली होती. जो तो सांगे, वाचून वाटलं की आपल्यालाच म्हणतोय. बाहेर मतांचा नुसता गलबला. दातांच्या डॉक्टरांना लांडग्याचे दात फार सरळ वाटले. शिंप्याला राग होता की रूपांतरात दर वेळी शर्ट फाटतो पण पँट कशी टिकते. एका शिक्षिकेने मात्र डोळे पुसत सांगितलं, “महिन्यातून एकच दिवस अंगावर येतो हो, तोही आधी कळवून.” तिच्या मागे उभ्या असलेल्या सहा बायकांनी मान हलवली. त्यांचे नवरे स्कूटर काढायला गेले.

मामांनी सातही जणींची नावं संशयितांत घातली.

शुक्रवारी मूळ हस्ताक्षर तपासायला दोघं वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. मामा जिन्यावरच्या पावलांचे ठसे मोजत बसले, म्हणून भाची एकटीच वर गेली आणि पान लावणाऱ्या बाईंना कात्रण दाखवलं. आपलं पान कोणीतरी इतकं बारकाईने वाचलं, याचं बाईंना बरं वाटलं.

“रकाना अरुंद,” त्या म्हणाल्या. “ ‘पाहू’ वर, ‘नये’ खाली, आणि वरच्या ओळीत हे एवढं भोक. मग ‘न’ वर ढकलला. एका अक्षराने काय होतंय?”

पाहू नये. भाची खाली आली तेव्हा मामा स्वतःच्याच चपलेच्या ठशापाशी पोचले होते.

काकूंच्या घरी बॅग दाराशीच होती. समीक्षक खुर्चीत बसले होते; आपलं छापलेलं ते कधी वाचत नसत, त्यामुळे घरात काय पेटलंय याचा त्यांना पत्ता नव्हता. भाचीने सगळं नीट सांगितलं. काकूंचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं.

“म्हणजे कोणालाच ‘ये’ म्हटलं नव्हतं,” काकू म्हणाल्या.

“तसे म्हणण्याचे कारण नसावे,” समीक्षक म्हणाले.

काकूंनी बॅगेचा बंद हातात घेतला. “कोणाला म्हटलं असतं, तर रागावता तरी आलं असतं.”

मामा काहीतरी बोलणार होते. भाचीने त्यांच्या पायावर पाय ठेवला.

मग काकूंनीच सांगितलं की त्यांनी तो सिनेमा दोनदा पाहिला, एकटीने. “लांडगा व्हायच्या आधी तो तिला सांगून जातो, कडी लाव, मी हाक मारली तरी उघडू नकोस. तिचा विचार करतो तो. आणि शेवट पोरकट नाही. तुम्ही काय पाहिलंत?”

“मी,” समीक्षक म्हणाले, आणि समीक्षेत कधी न वापरलेला तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला, “मी मध्यंतरात उठून आलो होतो.”

काकूंच्या हातून बंद सुटला.

“उद्या तीनला येतो तुझ्याबरोबर,” समीक्षक म्हणाले. “शेवटपर्यंत बसतो. टिपणांची वही आणत नाही.”

दुकानात परतल्यावर मामांनी प्रकरण निकालात काढलं. वहीत शेवटची नोंद त्यांनी स्वतः केली: ‘गुन्हेगार अक्षर न. फरार होते. तर्कसम्राटांनी पकडले.’

शनिवारी अडीचच्या सुमाराला भाची एका छत्रीची काडी वळवत बसली होती. समोरच्या फुटपाथवरून काकू आणि समीक्षक थिएटरकडे निघाले होते. समीक्षकांचे हात मोकळे होते. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. काकू हळू चालत होत्या. ते दोन पावलं पुढे गेले, थांबले, आणि त्या जवळ येईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग दोघं बरोबरीने चालू लागली.