नागणहळ्ळी हॉल्टची शिरगणती

"एका सायबाच्या पायी एकतीस माणसांच्या भाकऱ्या! त्यापरास इंजीन ढकलत न्हेलं असतं," काशम्मा चुलीपुढे पुटपुटली. वीरभद्रप्पा हातभर अंतरावर धोतर नेसत होता. बायकोचं बोलणं कानी न पडल्याचं दाखवायला तो आणखी जोरात निऱ्या काढू लागला.

दुधनीच्या अलीकडचा नागणहळ्ळी हॉल्ट म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि एक कडुनिंब. तिकिटं विकायची एजन्सी रेल्वेने वीरभद्रप्पाच्या वडिलांना दिली, ती पुढे त्याच्याकडे आली. पुढच्या खोलीत तिकिटं, मागच्या पडवीत संसार. चौऱ्याहत्तर साली गावात एसटी आली आणि माणसं तिकडे वळली. आता रेल्वेचे साहेब दिवसभर बसून सकाळी किती चढतात, संध्याकाळी किती उतरतात ते मोजणार होते. कुणी दिसलं नाही, तर हॉल्ट बंद.

म्हणून वीरभद्रप्पाने दोन्हीकडचे पाहुणे गोळा केले. गाडीत चढायचं, पुढच्या स्टेशनात उतरायचं, झाडाखाली शेंगाचटणी-भाकरी खायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. तीस भरले. एकतिसावी म्हणून म्हाताऱ्या आईला, सुंदरम्माला, इरकल नेसवून उभं केलं.

"अव्वा, पुढच्या ठेसनात उतरायचं बरं का."

"अन् गाडी?"

"गाडी जाती की सोलापूरला."

"हं," म्हातारी म्हणाली.

साहेबांनी एकतीस मोजले, खूश झाले आणि काशम्माच्या हातचं जेवून खाटेवर आडवे झाले.

संध्याकाळी गाडी आली. एकतीसच्या एकतीस उतरले, पण हातात चिवड्याचे पुडे, बांगड्या, फुगे. एका मावशीच्या डोक्यावर नवाकोरा पत्र्याचा डबा. आणि सगळ्यांच्या मागून घसा बसलेला टीसी.

"एजंट कोण इथला? ही म्हातारी पुढच्या स्टेशनात उतरलीच नाही! म्हणे, 'गाडी जातीया तर मी का उतरू?' तिला एकटं सोडायचं कसं, म्हणून हे तीसही बसून राहिले. तिकिटं पुढच्या स्टेशनापुरती, म्हणून सोलापुरात पकडलं तर कुणाचा मामा एजंट, कुणाचा मेव्हणा एजंट, कुणाचा जावई एजंट. आणि एजंट एकच!"

"घ्या! मोजा आता," काशम्मा नवऱ्याच्या कानाशी म्हणाली.

साहेबांनी वहीतल्या एकतिसांवर काट मारली. "घरची माणसं धरत नाहीत. स्वतःच्या मनाने गाडीत बसलेला इथला एक तरी प्रवासी दाखवा, सहा महिने मुदत देतो. नाहीतर ही खिडकी आजच बंद."

वीरभद्रप्पाने पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी रुळांकडे.

"हाय की," सुंदरम्मा म्हणाली. "मी. आज गेली, उद्या बी जानार."

"आजी, तुम्ही तर एजंटच्या आई. घरच्याच."

"व्हय, घरचीच. चाळीस वर्सं ह्या खिडकीपाशी आदी मालकास्नी च्या दिला, मग ह्याला दिला. ही दोगं जेवायला बसली की गावाला तिकिटं बी मीच दिली. पर तुला कुटं जायचंय का गं, असं एकानं बी इचारलं न्हाय, सायेब. आज माझी मीच गेली. लिवा, एक."