रुमाल टाकलेली नदी

मला आजवर बऱ्याच ठिकाणांहून उठवलं गेलंय. लग्नात वरपक्षाच्या पंगतीतून, नाटकाला तिसऱ्या रांगेतून, एकदा तर चुलतसासूबाईंच्या आरामखुर्चीतून. पण वाहत्या नदीतून मला उठवणारा माणूस जगात एकच. आमचे ढवळेकाका.

झालं असं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीने ठरवलं की यंदाची मीटिंग नदीत घ्यायची. आम्ही राहतो ओरेगनमध्ये. इथे ऑगस्ट आला की अख्खं गाव रबरी ट्यूबा घेऊन नदीत उताणं पडतं आणि पाणी नेईल तिकडे जातं. आम्ही पाच बायका पाच ट्यूबांत, सगळ्या दोरीने एकमेकींना बांधलेल्या, आणि सहाव्या ट्यूबमध्ये पन्ह्याचा थर्मास आणि चिवड्याचा डबा. मी अध्यक्षीण असल्यामुळे बोलत होते. मी बोलायला लागले की मला पाट्या दिसत नाहीत. तशी नदी बंद असल्याचीही पाटी दिसली नाही. पाणी उथळ झालं, माझी ट्यूब गोट्यांवर अडकली, मी टाचांनी रेटा द्यायला सुरुवात केली आणि काठावरून कर्कश शिट्टी आली.

"ओ ताई! उठा! उठा म्हणतोय ना! राखीव सीट हाय!"

अमेरिकेतली नदी, आणि आवाज थेट साताऱ्याच्या स्टँडवरचा. आम्ही पाचही जणी ताडकन उभ्या राहिलो. नदीत, गुडघाभर पाण्यात. 'राखीव' म्हटलं की उठायचं हे आमच्या हाडात मुरलेलं. उठल्यावर मला भान आलं.

"अहो, पण मी बाईच आहे!" मी ओरडले.

"बाई हाय ते दिसतंय. दिवस गेलेत का?"

मी पन्नाशी ओलांडलेली. माझी कमिटी पाण्यात बसून हसली. पुढचे दोन महिने मंडळात मला तब्येतीची काळजी घ्यायला सांगण्यात येत होतं.

काठावर एक सडसडीत गृहस्थ उभे होते. अंगात स्वयंसेवकाचं नारंगी जाकीट, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी आणि खांद्याला चामड्याची जुनी पिशवी. शेजारी जमिनीत एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर स्वहस्ते रंगवलेल्या देवनागरी अक्षरांत लिहिलं होतं, 'महिलांसाठी राखीव'.

हेच ढवळेकाका, निखिलचे बाबा. निखिल आमच्यापासून तीन घरं सोडून राहतो, कंप्युटरवाला आहे. बाबा एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आले होते. त्याआधी तीस वर्षं साताऱ्याकडच्या एका डेपोत एसटीचे कंडक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती बातमी काकांपर्यंत पोचली नसावी. निखिलच्या गाडीत ते मागच्या सीटवर बसत, सगळ्यांचे पट्टे लागले का बघत आणि मग छताला दोन टिचक्या मारत. डबल बेल. त्याशिवाय गाडी हलवलेली त्यांना चालत नसे. सिग्नलला थांबलं की एक टिचकी.

"बाबा, प्लीज यार," निखिल म्हणायचा. "लोक बघतात."

"बघू दे की. शिकतील."

पण काकांचा खरा छंद रुमालांचा. निळ्या चौकटीचे अर्धा डझन रुमाल त्या चामड्याच्या पिशवीत घडी करून ठेवलेले असत. कुठेही गेले की आधी दोन खुर्च्यांवर दोन रुमाल टाकायचे. मंडळाचं नाटक असो, दाताच्या डॉक्टरची वेटिंग रूम असो, नाहीतर निखिलच्या बॉसच्या घरचं जेवण.

"एक माझी," ते सांगायचे, "एक मागून येणाऱ्याची."

"कोण येतंय मागून?"

"माणूस येतोय."

कोणी येत नसे. नाटकाची तिसरी घंटा झाली की काका मागे उभ्या असलेल्या एखाद्या बाईला बोलवायचे, रुमाल उचलायचे आणि म्हणायचे, "बसा. जागा धरलेली हाय." विमानातही त्यांनी शेजारच्या सीटवर रुमाल टाकला होता. हवाई सुंदरीने विचारलं तर "माणूस येतोय." विमान समुद्रावर आलं तरी माणूस येतोयच.

लोक पदकं दाखवतात, तसे काका मेमो दाखवत. तीस वर्षांच्या नोकरीत मिळालेला एकुलता एक मेमो, त्याची प्लॅस्टिकमध्ये गच्च बसवलेली प्रत पिशवीत कायम. कारण लिहिलेलं, 'विनापरवाना आसन अडवून ठेवणे'.

"कोणासाठी अडवलं होतंत, काका?"

"प्रवाशासाठी," असं म्हणून ते पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढत, की विषय संपला.

तर अशा माणसाला अमेरिकेत करमणार कसं? मे महिन्यात ते सकाळी नदीवर फिरायला जाऊ लागले. तिथे त्यांना मेगन भेटली. ती कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नदीखात्यात काम करते, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून पाण्यात मोजमापं घेत असते. मेगनला मराठी येत नाही, काकांना इंग्रजी साडेतीन शब्द. तरी दोघांचं जमलं. जिथे अडलं तिथे मला फोन करून दुभाषी केलं गेलं.

मेगनने सांगितलं ते असं. सॅमन मासा जन्मतो या नदीत, वाढतो समुद्रात, आणि अंडी घालायची वेळ आली की शेकडो मैल उलटा पोहत नेमका जन्मलेल्या जागी परत येतो. मादी शेपटीने गोट्यांमध्ये खळगा करते, त्यात अंडी घालते आणि काही दिवसांत मरते. पूर्वी इथे खूप यायचे. आता इतके कमी झालेत की वाचतील की नाही याचीच धास्ती. त्यात ट्यूबा, कुत्री, माणसांचे पाय, सगळे त्याच गोट्यांवर. म्हणून पुलापासून वळणापर्यंतचा पट्टा यंदा ऑगस्टपासून हिवाळ्यापर्यंत बंद. यंदा फक्त चाचणी. पानगळीत एक जरी खळगा दिसला तर बंदी पुढेही राहणार. नाही दिसला, तर पुढच्या उन्हाळ्यात पट्टा पुन्हा ट्यूबांना मोकळा.

मी हे सगळं मराठीत सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये बोलण्याच्या नादात मीच विसरले. काकांनी लगेच हिशोब मांडला.

"म्हंजे बाई लांबनं आलीय," ते म्हणाले, "दिवस भरलेत, हा तिचा शेवटचा थांबा, परतीचं तिकीट नाय. आणि हे टगे तिच्या सीटवर पाय पसरून पडलेत?"

"तसंच काहीसं."

"जाकीट द्या म्हणावं मला."

खाकी उतरली होती, नारंगी चढली. पहिल्या आठवड्यातच काकांनी नदीची एसटी करून टाकली. ट्यूबवाले आले की शिट्टी. मग हात वळणापलीकडे दाखवून, "दिस रिव्हर, रिझर्व्ह! बॅक रिव्हर, फुल एम्प्टी!" मागची गाडी रिकामी येतेय, हे वाक्य त्यांनी तीस वर्षं मारलं होतं. इथे ते पहिल्यांदाच खरं होतं, कारण वळणापलीकडे नदी खरोखर मोकळी होती. लोक हसत आणि ट्यूब डोक्यावर घेऊन काठाने चालत जात. काहीजण मराठी पाटीशेजारी उभे राहून फोटो काढत.

सगळेच हसत नसत. एका रविवारी दाढीवाला, दाराएवढा माणूस आला. मी तेव्हा काकांना पोहे द्यायला गेले होते, म्हणून मला दुभाषी व्हावं लागलं. त्याचं म्हणणं, मी लहानपणापासून या नदीत पडतोय, आणि या पट्ट्यात गेल्या कित्येक वर्षांत मी एकही मासा पाहिलेला नाही. कोणासाठी अडवून ठेवलीय ही जागा?

काकांनी त्याला बसायला दगड दाखवला. शेंगदाणे दिले.

"ह्यांना सांगा ताई. आमच्या गाडीत एक सीट आमदारासाठी राखीव असायची. वर तसं लिहिलेलं. तीस वर्षांत आमदार एकदा बी एसटीत चढला नाय."

मी सांगितलं. दाढीवाल्याला हे प्रकरण आवडलेलं दिसलं. त्याने विचारलं, "मग पाटी काढली का?"

"नाय."

"का?"

"आला असता तर उभा ऱ्हायला असता का?"

तो माणूस दगडावर मागे रेलून एवढा हसला की त्याच्या दाढीत शेंगदाण्याची सालं नाचली. ट्यूब काखोटीला मारून तो वळणापलीकडे निघून गेला. जाताना पाटीला त्याने सलाम ठोकला. खोटं वाटत असेल तर मेगनला विचारा.

सप्टेंबर उजाडला. ट्यूबवाले आटले, हवा गार झाली, आणि आता काकांना फक्त वाट बघायची होती. ते रोज सकाळी सातला ड्यूटीवर हजर. दुपारी घरी आले की निखिल विचारायचा, "एनी लक, बाबा?" आणि काका म्हणायचे, "गाडी लेट हाय."

गाडी फारच लेट झाली. पाऊस नाही, पाणी खाली गेलेलं, गोटे उघडे पडायला आलेले. मेगन म्हणाली, मासे खाली मोठ्या नदीत थांबले असतील, पाऊस पडला की येतील. कदाचित येणारही नाहीत. आणि काकांचं विमान ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातलं.

निखिल म्हणाला, "बाबा, एक्स्टेन्शनला अप्लाय करू. आणखी थोडे महिने राहा ना. तिथे एकटे काय करणार?"

"नाय बाबा. तिथं जागा धरून ठेवलीय," काका म्हणाले.

आम्हाला वाटलं, घराबद्दल बोलतायत.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला नदीवर बोलावलं. पाणी तसंच, आरशासारखं, रिकामं. काकांनी पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवली, पिशवीतून निळ्या चौकटीचा रुमाल काढला आणि काठीला गाठ मारून बांधला. मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

"जागा धरून ठेवा, ताई. कुणी विचारलं तर सांगा..."

"माणूस येतोय," मी म्हटलं.

"येतोच," काका म्हणाले.

आणि मग मी, उथळ पाण्यात कमिटीची मीटिंग घेणारी बाई, नारंगी जाकीट घालून रोज सकाळी त्या काठीपाशी उभी राहू लागले. नवऱ्याने विचारलं, हे किती दिवस? मी सांगितलं, गाडी लेट आहे.

काका साताऱ्याला जाऊन नऊ दिवस झाले आणि पाऊस आला. दोन दिवस नुसता कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा पाणी वर आलेलं, गढूळलेलं. आधी आवाज ऐकू आला, कोणीतरी मूठभर गोटे खुळखुळवल्यासारखा. मग रुमालाच्या बरोबर खाली पाणी फुटलं आणि एक रुंद, तांबूस, ओरखड्यांनी भरलेली पाठ वर आली. माझ्या हाताएवढी लांब. ती कुशीवर वळली, शेपटीने सपसप गोटे उडवले, जरा दमली, पुन्हा वळली.

मेगन आधीच तिथे होती. तिने मला मिठी मारली आणि वहीत एक आकडा लिहिला. एक. पट्टा पुढच्या उन्हाळ्यातही बंद राहणार होता.

मी व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्यात जेवणाची वेळ. काकांनी उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "आली?"

मी कॅमेरा नदीकडे फिरवला. 

"बसली?"

"बसली, काका. तुमच्या रुमालापाशीच."

काकांनी चष्मा काढला. फोन त्यांच्या हातात तिरका झाला आणि मला त्यांचं जेवणाचं टेबल दिसलं. एक ताट वाढलेलं. शेजारची खुर्ची थोडी मागे ओढलेली, आणि तिच्यावर निळ्या चौकटीचा रुमाल.

मी विचारलं नव्हतं. काका आपणच बोलले.

"मास्तरीण होती. डोंगरातल्या शाळेत. शाळा सुटली की तीन मैल चालत थांब्यावर यायची, कायम उशीर. दमून जायची ओ. गाडी भरलेली. मग मी आधीच सात नंबरला रुमाल टाकून ठेवायचो. दोन वर्षं टाकला. लोकांनी तक्रार केली, मेमो आला." ते जरासे हसले. "तिसऱ्या वर्षी आमचं लगीन झालं. आता तिला जाऊन चार वर्षं झाली, पण हात ऐकत नाय बघा."

मला कुठेही, कसंही, न थांबता बोलता येतं अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी नदीकाठी मी नुसती काकांची शिट्टी हातात घेतली. आणि एवढंच म्हटलं, "काका, मग देऊ का डबल बेल?"

"घाई करू नका, ताई. मागं कुणी ऱ्हायलंय का, ते बघा आधी."

मी मागे बघितलं. पुलाखालच्या सावलीत पाणी हललं, आणि दुसरी एक पाठ हळूहळू वर येताना दिसली.

"काका, अजून एक आहे."

"मग थांबा की," काका म्हणाले. "गाडी कुठं पळून चाललीय."